धाब्याचं वय

फॉर्ममध्ये दोन रकाने अडले होते. एकात इमारतीचं वय टाकायचं होतं, दुसऱ्यात छताचा प्रकार निवडायचा होता. जुलै २०२३. रात्रीचे साडेदहा. मेसचा डबा खाऊन पुण्याच्या खोलीत कॉटवर आडवा पडलो होतो आणि मोबाइलवर गावच्या घराचा विमा काढायचा प्रयत्न चालला होता. दोन्ही रकान्यांचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

हे खूळ डोक्यात शिरलं त्याला कारण त्याच दिवशी आप्पांचा आलेला फोन. त्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयात पीक विमा सुरू केला होता. आप्पा सेवा केंद्रावर रांगेत उभे राहून कपाशीचा विमा काढून आले होते आणि खूश होते. मी फोन ठेवला आणि लक्षात आलं, शेतातल्या कपाशीला विमा आहे, मोटारसायकलला आहे, माझ्या मोबाइलच्या स्क्रीनलासुद्धा आहे. ज्या घरात चार माणसं झोपतात त्याला मात्र कधीच नव्हता. आणि तो काढायचा असतो, हे आमच्या घरात कोणी कधी बोललेलंही नव्हतं.

आमचं घर पारोळा तालुक्यात. सात खणांचं, धाब्याचं. धाबं म्हटलं की पुण्यातल्या मित्रांना दाल तडका आठवतो, म्हणून सांगतो. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर लाकडाच्या लहान फळ्यांची किलचण. तिच्यावर निंबाचा पाला, मग चिखलाचा जाड थर, आणि सगळ्यात वर खारी माती. या खारीवर धाब्याचा जीव असतो, कारण तीच पाणी खाली उतरू देत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा धाब्याखाली दुपारी झोप लागते. पत्र्याखाली माणूस भाजतो आणि स्लॅबखाली रात्री अकरानंतर भाजतो, कारण स्लॅब दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री परत देतो.

पण धाबं फुकट काही देत नाही. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी त्यावर नवी खारी टाकावी लागते. मी शाळेत असताना हे काम म्हणजे अर्धा सण असायचा. बैलगाडीतून खारी यायची, जिभाऊ म्हणजे माझे थोरले काका शिडीवर उभे राहायचे, घमेली हातोहात वर जायची. वर आप्पा फावड्याने माती पसरायचे, उगवलेलं गवत मुळासकट उपटायचे, उंदरांची बिळं बुजवायचे, पन्हाळ मोकळी करायचे. आजी, तिला आम्ही सगळे माय म्हणतो, खालून हुकूम सोडायची. घरात कुणी पहिल्या पावसाआधी दुसरं कसलंही काम काढलं की तिचं ठरलेलं असायचं, “पह्यले खारी टाक, मंग बोल.”

तर वय. मी आप्पांना विचारलं. ते म्हणाले जिभाऊंना विचार. जिभाऊ म्हणाले, “माझ्या जन्माच्या आधीचं.” मायला विचारलं तर ती म्हणाली, ७२ च्या दुष्काळात याच धाब्यावर बसून सुकडी खाल्ली, आणि मी लग्न होऊन आले तेव्हाही खांब असेच काळे होते. म्हणजे साठ? ऐंशी? शंभर? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराचं वर्णन आहे, ‘माती-धाब्याचे घर’. घरपट्टी बांधकामाच्या प्रकारावरून आणि इमारतीच्या वयावरून ठरते, त्यामुळे वयाचा आकडा तिथे असायला हवा. होताही. तो बहुधा कुणीतरी बसल्या जागी लिहिला होता, कारण त्या हिशेबाने घर जिभाऊंपेक्षा अकरा वर्षांनी लहान होतं.

दुसऱ्या दिवशी मित्राच्या ओळखीच्या एका एजंटाला फोन केला. माणूस सरळ होता. त्याने समजावून सांगितलं ते थोडक्यात असं. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने घरांसाठी एक प्रमाणित पॉलिसी आणली आहे, भारत गृह रक्षा. असा व्यवसाय करणाऱ्या सगळ्या सामान्य विमा कंपन्यांना ती ठेवावीच लागते. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड, सगळं त्यात येतं. विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही, जागेची किंमत तर धरतच नाहीत. चटई क्षेत्र गुणिले आज बांधायला लागणारा खर्च, एवढाच हिशेब. घरातल्या सामानाला बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. हप्ता ऐकून मी चाट पडलो. पुण्यात दोघांनी एकदा हॉटेलात जेवावं तेवढ्यात वर्षभराचं काम होत होतं.

“छताचा फोटो पाठवा,” तो म्हणाला.

चुलतभावाने शिडी लावून फोटो काढला. फोटोत धाब्यावर काकूंनी बिबडे वाळत घातलेले, कडेला गुडघाभर गवत, आणि गवतात आमची मांजर. एजंटाने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग फोन केला.

“दादा, हे कच्च्यात जाईल.”

कच्चं म्हणजे काय, हे विम्याच्या कागदात लिहिलेलं असतं. ज्या इमारतीच्या भिंती किंवा छत लाकडी फळ्या, झावळ्या-पाला, गवत, बांबू, प्लॅस्टिकचं कापड, डांबरी कापड, कॅनव्हास, ताडपत्री किंवा तत्सम वस्तूंचं आहे, ते कच्चं बांधकाम. ही जुन्या आगविम्यातून चालत आलेली व्याख्या आहे आणि ती आगीचाच विचार करते. जे चटकन पेटेल ते कच्चं. यादीत माती नाही. आमच्या छतात लाकूड आहे, पाला आहे, पण त्यावर हातभर माती आहे, जी पेटत नाही. मी हा युक्तिवाद एजंटाला करून पाहिला. तो म्हणाला, “तत्सम वस्तू असं लिहिलंय ना शेवटी, त्यात बसवतात.” जनगणनेतही छताचा एक गट आहे, गवत, झाप, बांबू, लाकूड, माती. तिथे माती थेट गवताच्या रांगेत बसवली आहे. पत्रा मात्र पक्का, अगदी वरती दगड ठेवून दाबलेला असला तरी.

घरी हे सांगितल्यावर जिभाऊ फार वैतागले. व्याख्येवर नाही, माझ्यावर. “स्लॅब लिही आणि मोकळा हो. कोण येतंय पाहायला?” ते म्हणाले.

खरं आहे, कोणी येत नाही. लहान रकमेच्या पॉलिसीला सहसा कोणी घर पाहायला येत नाही. येतात ते नुकसान झाल्यावर. तेव्हा सर्व्हेअर येतो, ढिगारा पाहतो, आणि ढिगाऱ्यात सळई नसून सागाची कडी आहे हे कळायला त्याला चष्मासुद्धा लावावा लागत नाही. प्रस्तावात महत्त्वाची माहिती खोटी दिली असेल तर कंपनी दावा नाकारू शकते. मग भरलेल्या हप्त्याला अर्थ राहत नाही. हे सगळं मी जिभाऊंना मोठ्या शहाणपणाने सांगितलं.

पण पुढे मी काय केलं? काहीच नाही. दुसऱ्या कंपनीला विचारलं नाही, कच्च्या घराला वेगळा दर मिळतो का याची चौकशी केली नाही. फॉर्ममध्ये खोटं लिहिलं नाही याचं समाधान मानलं आणि ॲप बंद केलं.

घर पडलं ते पुढच्या वर्षी, सप्टेंबरात. वादळ नव्हतं, ढगफुटी नव्हती. तीन दिवस बारीक, चिकट पाऊस लागला होता. असा पाऊस धाब्याला सगळ्यात वाईट. सर येऊन गेली तर माती निथळते, भिजपावसात ती पाणी पीत राहते आणि जड होत जाते. पहाटे चारला मागचे दोन खण बसले. त्यातल्या एका खणात माय झोपायची. त्या रात्री तिच्या अंथरुणावर थेंब पडू लागले म्हणून ती कुरकुरत उठून ओसरीत येऊन निजली होती. धाबं गळतं म्हणून आम्ही आयुष्यभर वैतागलो. त्या रात्री ते गळलं म्हणून माय वाचली.

मी दुपारी पोचलो. आप्पा ढिगाऱ्याच्या कडेला उकिडवे बसले होते. “आते काय करानं?” एवढंच म्हणाले. ते माझ्याशी एरवी शहरी मराठी बोलतात.

तलाठी आले, पंचनामा झाला. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये आहेत. अंशतः पडलेल्या घराला, किमान १५ टक्के पडझड असेल तर, पक्कं असल्यास ६,५०० आणि कच्चं असल्यास ४,०००. सातांतले दोन खण म्हणजे अंशतः. धाब्याचं म्हणजे कच्चं. चार हजार. माती आणि लाकूड उचलायला ट्रॅक्टरवाल्याने त्याहून जास्त घेतले. तलाठ्यांचा यात काही दोष नाही, त्यांनी जे होतं ते लिहिलं. जिभाऊ त्यांना चहा देताना सारखं सांगत होते की भाऊसाहेब, उरलेले पाच खणही पडल्यातच जमा आहेत, आणि ते मान हलवत होते, हो, पण अजून उभे आहेत.

त्या रात्री मी एक विचित्र हिशेब करत बसलो. समजा विमा असता, तर पैसे मिळाले असते का? प्रामाणिकपणे सांगायचं तर नसते. पॉलिसीत वादळ आहे, पूर आहे, पाणी साचून झालेलं नुकसान आहे. जुन्या छतातून झिरपलेला पाऊस त्यात बसत नाही. विमा अचानक घडलेल्या गोष्टीचा असतो. आमचं छत अचानक पडलं नव्हतं. पडलेल्या कड्या उचलताना दिसलं, भिंतीत शिरलेली त्यांची टोकं बिस्किटासारखी झाली होती. बोटाने भुगा व्हायचा. वाळवी आणि ओल, दोघांनी मिळून खाल्लेलं. सर्व्हेअरने विचारलं असतं, पावसाने पडलं की आधीच कुजलं होतं? आणि मग पुढचा प्रश्न, ज्याला माझ्याकडे उत्तर होतं पण ते द्यायला लाज वाटली असती: शेवटची खारी कधी टाकली?

मी पुण्याला गेलो त्या वर्षी. चुलतभाऊ त्याच सुमारास सुरतला लागला. आप्पांचे गुडघे गेले, जिभाऊंना शिडी चढवत नाही. जिथून खारी आणायचे तो उंचवटा सपाट होऊन तिथे प्लॉट पडले. एक उन्हाळा राहिला, मग दुसरा राहिला. वरून प्लॅस्टिकचा कागद टाकला, त्याच्याखाली माती श्वास कोंडल्यासारखी ओली राहिली. चार पावसाळे धाब्यावर खारी पडली नव्हती.

म्हणजे फॉर्ममधल्या त्या रकान्याचं उत्तर मला आता सापडलं होतं. धाब्याचं वय बांधल्यापासून मोजायचं नसतं. दर वर्षी वरचा थर नवा होतो, कुजलेली कडी बदलली जाते, आणि घर पुन्हा एक वर्षाचं होतं. आमचं घर साठ-ऐंशी वर्षं एक वर्षाचंच होतं. पडलं तेव्हा ते चार वर्षांचं होतं.

छताचं वय हा प्रकार एकट्या खानदेशाचा नाही, हे मला मावसभावामुळे कळलं. तो अमेरिकेत फ्लोरिडात असतो. घर पडल्याचं ऐकून त्याने फोन केला आणि बोलता बोलता स्वतःचं रडगाणं सुरू केलं. त्याचं घर उत्तम आहे, पण छतावरच्या डांबरी कवलांना सोळा वर्षं झाली आणि विमा कंपनी नूतनीकरणाला कां-कूं करत होती. तिथे चक्रीवादळांमुळे छताचं वय हीच पहिली चौकशी. कंपन्या इतक्या अडून बसू लागल्या की मे २०२२ मध्ये राज्याला कायदा करावा लागला: छत १५ वर्षांच्या आतलं असेल तर निव्वळ वयावरून विमा नाकारायचा नाही. त्याहून जुनं असेल तर मालकाला तपासणी करून घेऊ द्यायची, आणि अजून किमान ५ वर्षं टिकेल असा निर्वाळा मिळाला तर तेव्हाही वयाचं कारण द्यायचं नाही. मला त्यातली तपासणीची गोष्ट आवडली. निदान कोणीतरी शिडी लावून वर चढतं. आणि गंमत वाटली ती डांबराची. आपल्या व्याख्येत डांबरी कापड कच्च्यात जातं, आणि तिथली लाखो घरं डांबरी छताखालीच राहतात, विम्यासकट.

इकडे धुळ्याला, देवपुरात, माझ्या आत्याचा स्लॅबचा बंगला आहे. १९८८ चा. फॉर्मवर तो पक्का, आरसीसी, कोणीही डोळे झाकून घेईल. आत्याच्या स्वयंपाकघरात छताच्या खपल्या पडतात. गंजलेल्या सळया फुगून बाहेर डोकावतात आणि त्यांच्या खाली तिने गॅसची शेगडी दोन फूट सरकवून घेतली आहे, हाच काय तो उपाय. महापालिका हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी असा कायदा आहे. आत्याच्या गल्लीत तशी तपासणी केलेलं एकही घर मला सापडलं नाही. स्लॅबला खारी लागत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी वर्षानुवर्षं वर बघतच नाही. पण मी हे बोललो तर आत्या म्हणाली, “तुमच्या धाब्यापेक्षा बरं ना?” पडलेल्या घरातून आलेल्या माणसाने यावर काय बोलायचं?

धाब्याचं कौतुक करताना मला किल्लारीही विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवकडे हजारो माणसं गेली. ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती ढासळून आणि त्यांच्यावरचं मातीचं जड छत अंगावर येऊन गेली. तिकडे त्या छताला माळवद म्हणतात, पण वजन तेच. एक खण धाबं म्हणजे डोक्यावर कित्येक टन माती. ती गारवा देते आणि ती मारूही शकते. इन्स्टाग्रामवर मातीच्या घरांचे सुंदर रील येतात. ते पाहताना मला हटकून मायच्या अंथरुणावर पडलेली ती तुळई आठवते.

मग घरात महिनाभर वाद चालला. जिभाऊंचं म्हणणं, पूर्ण पाडा, सरळ पत्रे टाका, स्वस्तात होईल. पत्र्याबद्दल माझं मत वाईट आहे. मे-जूनच्या वावटळीत पत्रे उडून कापल्या गेलेल्या माणसांच्या बातम्या आमच्याकडे दर वर्षी येतात. घरकुलाची यादी पाहिली. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, पण आमचं नाव तिच्यात नव्हतं, कारण पाहणीच्या वेळी सात खण उभे होते. शेवटी माझी बचत आणि आप्पांचं सोसायटीचं कर्ज मिळून मागच्या दोन पडलेल्या आणि एका लटपटत्या खणाच्या जागी विटांच्या दोन खोल्या आणि वर स्लॅब असं ठरलं. पुढचे चार खण राहिले. त्यातल्या सहा कड्या बदलल्या. पाडायचे का, यावर माय म्हणाली, मी मेल्यावर पाडा. ती अजून उन्हाळ्यात दुपारी स्लॅबच्या खोलीत पाऊल टाकत नाही.

खारीही टाकली. ट्रॅक्टरची एक ट्रॉली शेजारच्या गावाहून आणली. मी आणि सुरतेहून चार दिवसांसाठी आलेला चुलतभाऊ वर चढलो. कुठे किती जाड टाकायची हे आम्हा दोघांनाही येत नव्हतं. आप्पा खाली खाटेवर बसून ओरडत होते आणि आम्हाला ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. दुपारपर्यंत हातांना फोड आले. पन्हाळीकडे उतार आला की नाही हे कळायला एक बादली पाणी ओतलं. ते आधी उलटं गेलं. पुन्हा माती ओढली.

गेल्या आठवड्यात त्याच एजंटाला मेसेज केला. वयाच्या रकान्यात १ लिहिलं, छत आरसीसी, चटई क्षेत्र फक्त नव्या दोन खोल्यांचं. त्याने अर्थातच फोटो मागितला. चुलतभाऊ नव्हता, काकूंनीच गच्चीवर जाऊन काढून पाठवला. स्वच्छ राखाडी स्लॅब, त्यावर साड्या अंथरून बिबडे वाळत घातलेले. मी न बघता पुढे ढकलला.

पाच मिनिटांनी त्याचा प्रश्न आला: “दादा, मागे ते गवत कसलं?”

फोटो मोठा करून पाहिला. स्लॅबच्या कठड्यापलीकडे धाब्याची कड आली होती. नवी खारी, आणि तिच्यातून फुटलेले हिरवे कोंब. दोन पावसांत एवढं उगवलं होतं.

मी लिहिलं, पुढचे चार खण जुने आहेत, मातीचे, मधली भिंत सामाईक आहे, ते विम्यात धरू नका पण कागदावर जसं आहे तसं लिहा. त्याला चालेल का माहीत नाही. दोन निळ्या टिका आल्या आहेत. तेवढ्यात मी आप्पांना फोन लावला, गवत उपटायला कोणाला तरी वर चढवा म्हणून.